डावीकडं कोन हाय?

"डावीकडं कोन हाय?"

"म्हैस!" मागच्या सीटवरून रेवा ओरडली.

"येकटी का पोरंबाळं घिऊन?"

"एकटीच. आणि तिच्यामागे एक बाबा आहेत. डोक्यावर टॉवेल घेतलाय त्यांनी."

"बाबास्नी रामराम घाल मग," असं म्हणत आसारामनं गाडी जराशी उजवीकडे दाबली. म्हैस आणि टॉवेलवाले बाबा खिडकीशेजारून मागे सरकले. रेवानं काचेला नाक लावून रामराम केला आणि आपली आपणच खुदखुदून हसली.

मोनिका तिच्याशेजारी बसून डब्याचं झाकण घट्ट लागलंय का ते दुसऱ्यांदा चाचपत होती. हसू तिलाही आलं. हा दोघांचा खेळ पावसाळ्यापासून चालला होता. सावेडीतल्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत आसारामनं विचारायचं आणि रेवानं सांगायचं. फुगेवाला, कुत्रं, एसटी, एका स्कूटीवर तीन मावश्या. घरात मोबाईलवाचून घास न गिळणारी पोर गाडीत मोबाईलचं नावही काढत नाही, हे मोनिका शाळेतल्या बाकीच्या आयांना कौतुकानं सांगायची. "आमचे आसारामकाका आहेत ना," एवढं म्हटलं की तिचं बोलणं पुरं व्हायचं.

खरं तर तिचं निम्मं आयुष्यच त्या वाक्यावर पुरं व्हायचं. मोनिका जात्याच काळजीखोर. रेवाला शिंक आली की हिचा हात कपाळावर. बाहेर जाताना गॅसची टाकी बंद केली का, हे जिन्यातून परत येऊन बघणार. रेवा पोटात असताना एकदा पत्रकार चौकात तिच्या हातातली गाडी बंद पडली आणि मागून ट्रकवाल्यानं असा हॉर्न दाबला, की तिचे हात स्टिअरिंगवरच थिजले. त्यानंतर तिनं किल्लीला हात लावला नाही. लावायची गरजही पडली नाही. आसारामकाका होते.

आसाराम मिरजगावचा. तिचे सासरे, सगळ्यांचे अण्णा, नगरच्या मार्केटात कांद्याची आडत टाकायला गाव सोडून आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एकाच टेम्पोतून आला. टेम्पो आसारामच चालवत होता. पुढे जीप आली, मग ही डिझेलची मोठी गाडी आली. घरात आलेली प्रत्येक गाडी पहिल्यांदा चार चाकांखालच्या चार लिंबांवरून गेली ती आसारामच्या हातानं. ओंकारची वरात त्यानं आणली. मोनिका माप ओलांडायला उतरली ती त्याच्याच गाडीतून. आणि रेवाला दवाखान्यातून घरी आणताना तर त्यानं गाडी इतकी हळू चालवली, की मागचे रिक्षावाले शिव्या घालत पुढे गेले. बंगल्याच्या मागच्या खोलीत तो राहायचा. बायको, बनुबाई, मिरजगावला. रविवारी अण्णांना शेतावर घेऊन जायचं, बनुबाईच्या हातची भाकरी खायची आणि संध्याकाळी परत. असा तो माणूस. त्याच्याबद्दल कुणी कधी काही बोलत नसे, कारण बोलण्यासारखं काही घडतच नसे.

एवढ्यात मात्र दोन लहान गोष्टी घडल्या होत्या. डावीकडचा आरसा कॉलनीच्या खांबाला घासला. आणि दूधवाल्याचं कॅन गाडीच्या डाव्या कडेला लागून आडवं झालं. "त्योच मधी घुसला," आसाराम म्हणाला, आणि सगळ्यांनी दूधवाल्यालाच बोल लावला.

डिझेलची गाडी म्हातारी झाली म्हणून नवी घ्यायची ठरली. ओंकारच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला दिवस बरे आले होते. चहा पिता पिता त्यानं टॅबवर दोन गाड्या अण्णांसमोर धरल्या. दोन्ही उंच, दोन्ही ऐटदार.

"ही निव्वळ विजेवरची, आणि ही प्लग-इन हायब्रिड. म्हणजे घरी चार्ज करायची. चार्जिंग संपलं की पेट्रोलवर पळते. दोन्ही आहे तिच्यात."

"म्हंजी गाय आन् म्हैस येकाच खुट्याला," अण्णा म्हणाले. "बरं हाय की मग. हीच घ्या."

"अण्णा, दोन्हीचा मेंटेनन्स पण आला मग."

"येऊ दे. मिरजगावात लाईट कवा येती आन् कवा जाती तुला म्हाईत न्हाई. तुझी ती विजेची गाडी शेतात बसली तर तिला काय बैल जुपायचे? आन् आसारामला सवय इंजिनाची. मुकी गाडी त्याला चालवाय येनार न्हाई."

"हायवेला चार्जर झालेत आता जागोजागी."

"झाले असतील. मला इंजिन पायजे."

ओंकार हसून मोनिकाकडे वळला. "गाडीत जास्त तुम्ही मायलेकीच असणार. तूच ठरव."

मोनिकानं तोवर मोबाईलवर दोन्ही गाड्यांचं मिळेल ते वाचून काढलं होतं. घाटात काय होतं, पाण्यातून गेली तर काय, उन्हात बॅटरी तापते का, रस्त्यात चार्जिंग संपलं आणि मूल तापानं फणफणत असलं तर. उत्तरं बरी होती, पण तिच्या प्रश्नांना उत्तरांनी कधी फरक पडत नसे. तिचा कल हायब्रिडकडेच होता. टाकीत काहीतरी असलेलं बरं.

"आसारामकाकांना चालवू दे आधी," ती म्हणाली. "त्यांना आवडेल ती."

पुणे रस्त्यावरच्या शोरूममध्ये रॉबिन नावाचा हसतमुख मुलगा त्यांना दोन्ही गाड्या दाखवणार होता. अण्णा एसीत चहा घेत बसले. रॉबिन आसारामच्या शेजारी, मागे ओंकार, मोनिका मध्ये आणि डाव्या खिडकीशी रेवा.

आधी हायब्रिड. निघाली तेव्हा आवाज नव्हता. चढावर इंजिन सुरू झालं आणि आसारामचे खांदे जरा वर आले.

"डावीकडं कोन हाय?"

"उसाचा ट्रॅक्टर!" रेवा म्हणाली. "थांबलाय."

"आन् आता?"

"आता कुणीच नाही. आता एक मोटारसायकल. दादा आहे. हेल्मेट नाहीये."

रॉबिनला भारी मजा वाटली. "काका, नात छान गाइड करते हां तुम्हाला."

"करती की," आसाराम म्हणाला.

विजेच्या गाडीत बसेपर्यंत रेवा पेंगुळली आणि मोनिकाच्या मांडीवर आडवी झाली. गाडी निघाली, आणि आसारामनं सगळ्यात आधी दोन्हीकडच्या काचा खाली केल्या.

"काका, एसी चालू आहे."

"असू द्या."

रस्त्यावरचा सगळा आवाज आत आला. मागून येणारा डंपर, डावीकडून घासून जाणारी बुलेट, लांबच्या टपरीवरचं गाणं. आसारामनं एकदाही विचारलं नाही. त्याची मान जराशी डावीकडे कललेली होती, कुणाचं बोलणं ऐकताना कलते तशी. खांदे खाली आले होते. मोनिकाला वाटलं, किती दिवसांनी यांना असं निवांत चालवताना बघतेय.

परतताना सर्व्हिस रोडला एक गल्ली लागते. पाठीला क्लासची बॅग लावलेली एक मुलगी त्या गल्लीतून सायकलवर आली. सायकलला आवाज नसतो. मोनिकाला ती दिसली. तिनं फक्त रेवाला छातीशी आवळलं. आणि गाडी आपोआप, पट्ट्यांनी सगळ्यांना मागे खेचत, जागच्या जागी उभी राहिली.

"बघितलंत!" रॉबिन जवळजवळ ओरडलाच. "गाडीनं स्वतः ब्रेक मारला! हे फीचर दाखवायला आम्हाला कधी चान्सच मिळत नाही!"

"मानलं बुवा," ओंकार म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण डोळे चमकत होते.

मोनिका मधल्या सीटवर होती. तिथून पुढच्या दोन सीटांमधून तिला खालचं दिसत होतं. ब्रेकवर आसारामचा पाय नव्हता.

"कुठनं आली?" आसारामनं हळू विचारलं. मुलगी अजून बॉनेटच्या डाव्या टोकाशी एक पाय टेकून उभी होती, भेदरलेली. त्यानं उजवीकडे बघितलं. समोर बघितलं. मग मान पुरी वळवली, खांद्यासकट, तेव्हा कुठे ती त्याला सापडली.

शोरूममध्ये अण्णांनी विचारलं, "काय रं, कंची?"

"विजेची घ्या अण्णा."

अण्णा उडालेच. "आरं, तुला इंजिन लागतं ना?"

"हिच्यात बाहेरचं समदं ऐकाय येतं," आसाराम म्हणाला. "इंजिनाचं गुरगुरनं मधी येत न्हाई."

"गाडी चालवायची का भजन ऐकायचं तुला?" अण्णा खो खो हसले. ओंकार हसला, रॉबिन हसला. मोनिकाच्या मांडीवर रेवाचं डोकं होतं. तिच्या कानात सगळा पावसाळा, सगळा हिवाळा एकाच आवाजात वाजत होता. डावीकडं कोन हाय? म्हैस. डावीकडं कोन हाय? एसटी. डावीकडं कोन हाय?

दुसऱ्या दिवशी तिनं रेवाला सर्दीचं निमित्त करून शाळेला पाठवलं नाही. मग जिना उतरून ती खाली पोर्चमध्ये आली. आसाराम पुढची काच पुसत होता. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता, इतकी जवळ. तो पुसत राहिला. तिनं हात वर केला, हलवला. आपण एका म्हाताऱ्या माणसाची अशी चोरून परीक्षा घेतोय याची तिला लाज वाटली, पण हात खाली येईना. शेवटी बांगडी वाजली.

आसारामनं दचकून मान फिरवली. "वैनी? कवा आल्या?"

"बराच वेळ झाला."

त्यानं तिच्या वर धरलेल्या हाताकडे बघितलं. फडकं हळूच घडी केलं. पुन्हा उलगडलं.

"डॉक्टरला दाखवलंत का?" तिनं विचारलं.

"शिबिर हुतं मिरजगावात. काचबिंदू म्हनले. डावा गेलाय. गेलेलं म्हागारी येत न्हाई म्हनले, उजवा थेंबांवर टिकंल."

"कधीची गोष्ट?"

"पाऊस पडायच्या आदी."

म्हणजे तेव्हापासून. तिनं आवाज चढवायचा नाही असं ठरवून खाली पाय ठेवला होता. "आणि तुम्ही माझ्या मुलीला डोळा केलंत? सहा वर्षांची नाही हो ती अजून! तिला शिंक आली असती, डुलकी लागली असती, रुसून बसली असती तर? काल ती मुलगी... आसारामकाका, काल ती मुलगी गाडीखाली गेली असती!"

"व्हय," आसाराम म्हणाला.

त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला राग आला.

"उजवीकडचं लख्ख दिसतंय मला, वैनी. मला वाटलं, उजवीकडच्या दिसन्यावर निभंल. पोरीला कदी खरचटूसुदिक दिलं न्हाई मी." तो थांबला. "पर काल रातभर ती सायकलवालीच दिसत हुती. दिसाय पायजे तवा दिसली न्हाई, आन् आता डोळं मिटलं तरी दिसती."

पोर्चच्या बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मी आज अण्णांना सांगते," मोनिका म्हणाली.

"सांगा. पर येक मागू का?" त्यानं गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. "आण्णानं इतक्या वर्सांत मला येकदाबी इचारलं न्हाई, नीट दिसतं का रं. माझ्या म्हागं डोळं झाकून झोपतो त्यो. डोळ्यापायी गेलो आसं कळलं तर त्याला हरेक दिवस आठवंल, की मी त्याला आंधळ्यानं घिऊन हिंडलो. पोरीला घिऊन हिंडलो. त्ये नको. गाडीपायी गेलो आसं हू द्या. नवी गाडी आली, म्हाताऱ्याला ती जमना. बास."

"पण तुम्हीच काल विजेची घ्या म्हणालात."

"म्हनलो ना," तो ओशाळं हसला. "तिथंच घावलो तुमाला."

मोनिका वर गेली. रेवा झोपाळ्यावर बसून बाहुलीला विचारत होती, "डावीकडं कोन हाय?" आसारामसारखंच, 'कोण'चं 'कोन' करून.

जेवणाच्या टेबलावर तिनं सांगितलं, विजेची घेऊ या. आणि ती मीच चालवीन.

"तू?" ओंकारनं घास खाली ठेवला. "तू किल्लीसुद्धा हातात घेत नाहीस."

"शिकेन. हिला गिअर नाही, काही नाही."

"आन् आसाराम?" अण्णांनी विचारलं.

तिनं आमटी वाढायला घेतली. वाटीवर नजर ठेवून बोलणं सोपं जातं. "त्यांचंही वय झालं आता. गावाला बनुमावशी एकट्या असतात. शाळेचं मी करेन, तुम्हाला मार्केटला ओंकार सोडेल. मग घरात ड्रायव्हर कशाला?"

"ड्रायव्हर?" अण्णा तिच्याकडे बघत राहिले. या घरात आसारामला तो शब्द आजवर कुणी लावला नव्हता. "मानूस काढायचं म्हून गाडी घ्यायची व्हय सूनबाई? मग जुनीच काय वाईट हाय? तिच्यासकट ढकला आमाला येखाद्या खड्ड्यात."

"अण्णा, तसं नाही..."

"मग कसं हाय त्ये सांग."

तिनं वाटी त्यांच्यापुढे सरकवली. ओंकारनं रात्री, दुसऱ्या दिवशी, पुन्हा आठवड्यानं विचारलं, "नक्की काय झालं गं?" ती म्हणायची, काही नाही. अण्णांनी तिच्या हातचा चहा घ्यायचं सोडलं नाही, पण कप रिकामा झाला की पूर्वी "झकास" म्हणायचे, ते बंद झालं. बैठकीतल्या दोस्तांना ते तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "शिकल्याली सून हाय आमची. तिला मानसापरीस मशीन भरवशाचं वाटतं." मोनिका ओट्याशी उभी राहून ऐकायची. एका परीनं अण्णांचं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं.

नवी गाडी यायला वेळ होता. तोवर शाळेला, मार्केटला ओंकारच सोडू लागला, आणि मोनिकाला गाडी शिकवली ती आसारामनंच. भिंगारच्या पुढे मोकळ्या मैदानावर ओंकार जुनी गाडी नेऊन द्यायचा आणि फोनवर बोलत लांब बाभळीखाली उभा राहायचा. मोनिका स्टिअरिंगवर, आसाराम तिच्या डावीकडे. क्लच सोडताना गाडी बकरीसारखी उड्या मारायची.

"मारू द्या उड्या. जितराब हाय म्हनायचं."

"मला नाही जमणार काका. हात बघा कसे कापतायत."

"कापू द्या. ज्याचं कापतं त्यो हळू चालवतो. माझं कापायचं थांबलं हुतं, त्येच वंगाळ झालं." मग थोड्या वेळानं, "आरशात बगा. डावीकडं कोन हाय?"

"कुणी नाही."

"मला नका सांगू. तुमचं तुमी बगा आन् ध्यानात ठिवा."

तिला त्याचा राग यायचा आणि त्याच वेळी वाटायचं, हा शेजारी बसला आहे तोवर काही होणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कशा वाटतात, हे तिला कळत नसे. क्षमा केली का, असं कुणी विचारलं असतं तर तिला नाही म्हणावं लागलं असतं. आणि त्याची खोली रिकामी होणार या विचारानं तिला जेवणही जात नसे.

गाडी आली. पांढरी, गुळगुळीत. दाराच्या कड्या अंगातच बुडवलेल्या; आसाराम दारावरून तळहात फिरवत राहिला तरी त्याला कडी गवसेना. रेवानं पुढे होऊन दाबून दाखवली. "अशी असते आसाबा," ती म्हणाली. ती त्याला आसाबा म्हणायची.

ओंकारनं हार घातला, मोनिकानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. "लिंबं," ते म्हणाले. "आसाराम, ठीव."

आसारामनं लिंबं घेतली. गुडघ्यावर हात देऊन तो प्रत्येक चाकाशी वाकला. टायर चाचपलं, लिंबू टेकवलं. उजवीकडची दोन, मग डावीकडची. उठला आणि हात धोतराला पुसले. अण्णांनी किल्ली हातात घेतली. क्षणभर ती आसारामच्या दिशेनं गेलीही. मग त्यांनी ती मोनिकापुढे धरली आणि तोंड फिरवून बागेतल्या नळाकडे बघत बसले.

पहिली फेरी माळीवाड्याच्या गणपतीला आणि तिथून थेट मिरजगाव, आसारामला सोडायला. ओंकारला कारखान्यात माणसं येणार होती. अण्णांना ओंकारनं दोनदा विचारलं. "मी कशाला? मशीन हाय की सोबतीला," अण्णा म्हणाले. पण आसारामची वळकटी आणि पत्र्याची पेटी डिकीत ठेवायला ते स्वतः उठले, आणि पेटी ठेवल्यावर तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आसाराम त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला वाकू दिलं नाही. दोघांनी एकमेकांचे दंड धरले.

मोनिका बसली. पट्टा लावला, रेवाचा पट्टा मागे वळून ओढून बघितला. आसाराम तिच्या डावीकडे बसला, हात मांडीवर. काचा बंद. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाडी वरून दिसत होती, चारी बाजूंनी, पाखराला दिसावी तशी. आणि त्या पडद्यावर मोनिकाला दिसलं, की डावीकडच्या मागच्या चाकाचं लिंबू चाकाखाली नाहीच. वीतभर बाजूला, फरशीवर नुसतंच पडलं आहे.

उतरून सरकवावं का? अण्णा बघत होते. ओंकार बघत होता. तिनं पाय हळूच दाबला.

इंजिन नव्हतं, त्यामुळे आत सगळं ऐकू आलं. फट्. फट्. आणि जरा वेळानं तिसरं.

गाडी फाटकाच्या बाहेर आली. आसाराम मान कलती करून अजून ऐकतच होता.

"तीनच वाजली," तो म्हणाला.

"चार वाजली काका," मोनिका म्हणाली. "दोन एकदम वाजली."

कॉलनीचं वळण आलं, तिनं वळवलं. मग तो शांतपणे म्हणाला, "असू द्या वैनी. डावीकडचं ऱ्हायलं असंल. डावीकडचंच ऱ्हातंय माजं."

मागून रेवानं काचेला नाक लावलं होतं. "आसाबा! डावीकडे गाय आहे! वासरू पण आहे!"

"मला न्हाई बाय," आसाराम म्हणाला. "आता आईला सांग."

देवळापाशी नारळ फोडून ते सोलापूर रस्त्याला लागले. मोनिकानं जन्मात एवढी लांब गाडी चालवली नव्हती. एक डोळा रस्त्यावर, एक बॅटरीच्या आकड्यावर, आणि कान मागे रेवाकडे. आसाराम रस्ताभर एकदाही "जपून" म्हणाला नाही. पुढचा ट्रक मंदावला, एसटी आडवी आली, दुभाजकातून कुत्रं निघालं, तेव्हा शेजारी फक्त कागदाचा बारीक आवाज व्हायचा. कशाचा ते बघायला तिला नजर काढता येत नव्हती.

मिरजगावात बनुबाई दारातच उभी होती. भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकत तिनं नवऱ्याकडे नखशिखांत बघितलं. "आगं बया! बाजूला बसून आलं व्हय? सायेबच झालं की आता!"

"झालो तर," आसाराम हसला. "तूच तेवडी ऱ्हायली हुतीस सलाम ठोकायची."

बनुबाई हसली आणि बोलता बोलता त्याच्या डाव्या बाजूला आली. उंबऱ्याशी तिनं काही न दाखवता त्याचं डावं कोपर धरलं. त्यानंही काही न दाखवता धरू दिलं. रेवानं पेटीवर चढून हट्ट केला, की आसाबा आपल्याबरोबर परत येणार. तिला भाकरी आणि गूळ देऊन गप्प करावं लागलं.

निघताना मोनिका त्याच्या पाया पडली. "येत जा," तो म्हणाला. "सावकास. घाई कुनाची हाय."

रेवा मागे झोपली. मोनिकानं पट्टा ओढून बघितला आणि पुढे येऊन बसली. डावीकडची सीट रिकामी होती. शोरूमवाल्यांनी नव्या गाडीत पाय पुसायला खाकी कागद अंथरले होते, चारी जागी. तिच्या पायाखालचा कागद अजून कोरा होता. डावीकडच्या कागदावर मात्र एका जागी, जिथे उजव्या पायाचा चवडा येतो तिथे, दाबून दाबून खळगा पडला होता, आणि खळग्याच्या मधोमध कागद फाटून खालचं काळं दिसत होतं.

तिथे ब्रेक नव्हता.

तिनं आरसा बघितला. डावीकडे बघितलं. आणि कागद न काढता गाडी हळूच रस्त्यावर घेतली.